मार्शेल खाली बसला

सिडनी, १४ ऑक्टोबर १८८९

प्रिय फ्लाविया,

तुला, मार्शेलला आणि आईला माझी आठवण. आईला सांग, कॉस्मास चांगला जाडजूड झालाय. खरं तसं नाही, पण तिला तेच ऐकायला आवडेल.

आगबोटीने मला तापात इथल्या इस्पितळात टाकलं आणि ती निघून गेली, तेव्हा वाटलं होतं की आपलं मरण परमुलखातच लिहिलेलं आहे. आज मात्र मी आनंदाने लिहायला बसलोय. लंडनच्या गोदीत माझ्यासारखीच हमाली करणारी माणसं आहेत. अंगात कसब नाही, हातात कागद नाही. सकाळी फाटकाशी गर्दी करायची, मुकादमाने बोट दाखवलं तर त्या दिवशी चूल पेटायची. त्या लोकांनी संप केला. तासाला एक पेनी वाढवा, एवढंच त्यांचं मागणं. भुकेने मोडतील, असं मालक म्हणत होते. पण इथे आमच्या धक्क्यावर वर्गणीची टोपी फिरली, चर्चच्या दारात टोपी फिरली, मेलबर्नला फिरली, आणि ज्यांना आम्ही जन्मात बघणार नाही त्यांच्या घरात पाव गेला. ते जिंकले, फ्लाविया! बातमी आली तेव्हा मोठाले बाप्ये धक्क्यावर नाचले. मीही नाचलो.

मला युनियनमध्ये घेतलंय. एकजण म्हणाला, "काळ्याला कशाला?" तर डॅन सलिव्हन उठला. डॅन आयर्लंडचा, आपल्याच धर्माचा, रविवारी माझ्याच बाकावर बसतो. म्हणाला, "हा माझ्याशेजारी गुडघे टेकतो, तर माझ्याशेजारी लोकरीची गासडीही उचलेल."

मार्शेलला सांग, पानमळ्यात राबून कंटाळा आला की मला शिव्या दे. लहानपणी ज्याला मी विहिरीत ढकललं, त्यालाच बहीण दिली. आता फिटली ती उधारी.

तुझा भाऊ,
कॉस्मास


रमेदी, वसई, ६ एप्रिल १८९०

प्रिय भाऊ,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

आई गेली. रशियातून कसलासा ताप निघालाय म्हणतात, सर्दी-खोकल्याचा. तो मुंबईत आला आणि मुंबईहून आमच्याकडे. घर नाही की ज्यात कोणी पडलं नाही. आई फार दिवस आजारी नव्हती. पाद्रीबाबा वेळेवर आले, सगळे संस्कार मिळाले. तुझी आठवण काढत होती, पण रडत नव्हती. "तो जाडा झालाय," असं शेजारणीला सांगत होती.

हेही पडले होते. उठले, पण छाती साफ झालेली नाही. रात्री वारा आला की खोकतात. ऐन दिवसांत मळ्याला पाणी द्यायला माणूस नव्हता. आमच्या वेली वाळून गेल्या. पानवेल एकदा गेली की लगेच उभी राहत नाही, हे तुला सांगायला नको.

आता ह्यांनी डोक्यात घेतलंय की बोटीवर जायचं. मुंबईचा एक सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, बोटीसाठी माणसं भरतोय. बोट सिडनीला जाते म्हणाला, मग तर ह्यांचे पाय जमिनीवर राहिनात. "कॉस्मासला कानाला धरून घेऊन येतो," म्हणतात. मी नको म्हटलं. मला तिसरा महिना आहे. पण मळा परत लावायचा तर दुसरा मार्ग मलाही दिसत नाही.

आले तर त्यांना थंडीत उभं राहू देऊ नकोस.

फ्लाविया


सिडनी, १८ मे १८९०

प्रिय फ्लाविया,

तुझं पत्र मी बसूनच वाचलं. मग उठता येईना.

तो ताप इथेही आला आहे. डॅनची बायको त्यातच गेली. आई आणि ती, दोघींसाठी चर्चमध्ये एकच मिस्सा लावली. पाद्रीने आईचं नाव चुकीचं उच्चारलं, म्हणून मी मनात परत नीट उच्चारलं.

मार्शेलची बोट कोणती ते कळव. बोट बंदरात शिरली की मी धक्क्यावर असेन. मी इथे आहे, तू कसली काळजी करतेस?

कॉस्मास


रमेदी, २७ जुलै १८९०

प्रिय भाऊ,

हे काल निघाले. बोटीचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलंय. सोबत सुकट दिली आहे, अर्धी तुझी. वाटेत संपवतील, तेव्हा तू विचार.

निघताना म्हणाले, "परत येईन तेव्हा पोर मला ओळखणार नाही." मी म्हटलं, ओळख करून देईन. हसले. मग खोकले.

त्यांना तुझ्या हवाली केलंय.

फ्लाविया


सिडनी, २० सप्टेंबर १८९०

प्रिय फ्लाविया,

लिहायला एवढं आहे की कुठून सुरू करू कळत नाही. आधी हे वाच: मार्शेल मला भेटला. तो जिवंत आहे, बरा आहे. आता पुढचं शांतपणे वाच.

ऑगस्टपासून इथे संप आहे. लंडनपेक्षा मोठा. आधी बोटींवरचे अधिकारी बाहेर पडले, मग खलाशी, मग आम्ही धक्क्यावरचे सगळे. लोकर पडून आहे, कोळसा पडून आहे. मालकांनी बाहेरची माणसं आणून काम चालू केलंय. अशा माणसाला इथे 'स्कॅब' म्हणतात, म्हणजे जखमेवरची खपली. त्यांना पोलिसांचा पहारा असतो आणि आम्ही पोलिसांनी बांधलेल्या दोरीच्या अलीकडून शिव्या देतो.

मार्शेलची बोट लागली त्या दिवशी मी दोरीशीच होतो. माल उतरवायला कोणी नाही, म्हणून कप्तानाने बोटीवरच्या हिंदी खलाशांनाच कामाला लावलं. आमची माणसं ओरडायला लागली. दगडही गेले. आणि पाठीवर पेटी घेऊन फळीवरून उतरताना मला मार्शेल दिसला. वाळलाय, पण चाल तीच, थोडी डावीकडे कललेली. माझ्या बाजूचा माणूस त्याच्यावर दगड उचलत होता. मी त्याचा हात धरला. "सोड, तो आपल्यातला आहे," असं मी म्हणालो. तो म्हणाला, "आपल्यातला? की तुझ्यातला?"

रविवारी बोटीवरच्या गोव्याच्या लोकांबरोबर तो मिस्साला आला. चर्चच्या पायरीवर आम्ही एकमेकांना धरून किती वेळ उभे होतो कोण जाणे. तो म्हणाला, "मेल्या, जिवंत आहेस तर! सुकट संपली." मग मी त्याला सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "मला काय ठाऊक? सारंग म्हणाला उचल, मी उचललं. करारावर अंगठा आहे माझा."

मी म्हटलं, "तू उचलतोस ते माझं काम आहे. डॅनचं आहे. त्याची पोरं उपाशी आहेत."

"माझं पोर पोटात आहे, कॉस्मास."

"माहीत आहे."

मग त्याने विचारलं, "नाही म्हटलं तर काय करतील?"

मी म्हटलं, "थोडे दिवस तुरुंग. युनियन मागे उभी राहील. लंडनच्या माणसांमागे उभी राहिली, तुझ्यामागे नाही राहणार?"

"फ्लावियाला कोण सांगणार?"

"मी सांगेन," मी म्हणालो. म्हणून सांगतोय.

सोमवारी सकाळी फळी टाकली, सारंगाने हाक दिली, आणि मार्शेल डेकवर खाली बसला. तेवढंच. ओरडला नाही, हात उगारला नाही, मांडी घालून बसला. त्याच्यामागे रत्नागिरीचे दोन मुसलमान खलाशी बसले. कप्तान येऊन ओरडला. सारंगाने लाथ घातली. तरी उठला नाही. दोरीअलीकडे आमच्या लोकांना आधी कळेना. मी ओरडून सांगितलं, "त्यांनी काम टाकलं!" मग जो जयजयकार झाला, फ्लाविया, तो तू ऐकायला हवा होतास. ज्यांनी दगड मारले त्यांनीच टोप्या उडवल्या.

तिघांना कोर्टात नेलं. दुभाषी कोणी नव्हता, म्हणून मला उभं केलं. मॅजिस्ट्रेटने विचारलं, "तुला कोणी भडकवलं?" मी ते मार्शेलला आपल्या भाषेत विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सांग त्याला, कोणी नाही. मला खोकला आहे आणि ती माणसं भुकेली आहेत. मला नाही उचलवत." मी ते तसंच इंग्रजीत सांगितलं.

हुकूम मोडला म्हणून तिघांना तुरुंग दिला. नाताळच्या आधी सुटतील. काल लोकरीच्या गाड्या धक्क्यावर आणताना घोडेस्वार आमच्या अंगावर घातले, डॅनचं डोकं फुटलं. पण आम्ही जिंकणार. मार्शेलचं नाव इथे सगळ्यांच्या तोंडी आहे. तुला त्याचा अभिमान वाटेल.

कॉस्मास


सिडनी, १३ ऑक्टोबर १८९०

फ्लाविया,

मार्शेल शनिवारी गेला.

तुरुंगात तो ताप परत उठला. कोठडी दगडाची, ओल असते. मला एकदाच भेटू दिलं. गजाच्या पलीकडे तो घोंगडी गुंडाळून बसला होता. म्हणाला, "बाहेर काय चाललंय?" मी म्हटलं, आपण जिंकतोय. ते खोटं होतं. माणसं एकेक करून परत कामावर जायला लागली होती. मी म्हटलं, युनियनचा वकील येतोय. वकील आला नाही. मी रोज त्यांच्या कचेरीत जाऊन बसत होतो. ते म्हणायचे, आमचीच इतकी माणसं आत आहेत, थांब. ते खोटं नव्हतं. पण त्यांच्या माणसांत मार्शेल धरलेला नव्हता.

त्याला तुरुंगातल्या इस्पितळात हलवलं हे मला रविवारी कळलं, म्हणजे तो गेल्यानंतर. आयरिश पाद्री शेवटी त्याच्याजवळ होता. शेवटचा तैलाभ्यंगाचा संस्कार मिळाला.

आम्ही देह मागून घेतला. मेलेल्यांसाठी इथे वेगळी आगगाडी असते, ती रूकवूडला जाते. तिथे आपल्या लोकांची जागा आहे. डॅन होता, डोक्याला पट्टी बांधून. डॅनची म्हातारी आई होती. मला वाटलं होतं, धक्क्यावरची सगळी माणसं लोटतील. बाकी कोणी आलं नाही. त्या दिवशी फाटकाशी कामाची नावं घेत होते.

तू त्याला माझ्या हवाली केलं होतंस.

कॉस्मास


रमेदी, २३ ऑक्टोबर १८९०

भाऊ,

तुझं सप्टेंबरचं पत्र आज मिळालं. मी ते दोनदा वाचलं आणि पीठ मळायला बसले, कारण हाताला काहीतरी हवं होतं.

तू लिहितोस, मला अभिमान वाटेल. तू मला विचारलं होतंस का? डॅनची पोरं उपाशी आहेत, ती मला दिसत नाहीत. मला दिसतो तो ह्यांचा खोकला. तो मी तुला लिहिला होता. "कोणी भडकवलं नाही," असं ह्यांनी सांगितलं आणि तू तेच इंग्रजीत सांगितलंस. तुझी जीभ अडखळली नाही? मग मला तरी खरं का कळवलंस? तिथे कोर्टात सांगायचं होतंस.

आता हा पुढचा भाग ह्यांच्यासाठी आहे. तुरुंगात जाऊन वाचून दाखव, आणि वाचताना मध्ये आपलं काही घालू नकोस.

मुलगी झाली. आठवड्याची आहे. मी चांगली आहे. रंग तुमचा, नाक माझ्या आईचं. तुमच्या मामीने मळ्यात चार वेली लावून दिल्या आहेत, त्यांना मी स्वतः पाणी घालते. बाप्तिस्मा तुम्ही आल्यावर करू, असं मी म्हणत होते, पण पाद्रीबाबा थांबायला तयार नाहीत. नाव काय ठेवायचं ते कळवा. तुम्ही खाली बसलात हे बरं केलंत की वाईट, ते तुम्ही घरी आलात की भांडून ठरवू. घोंगडी दोन मागून घ्या. लाजू नका.

फ्लाविया


रमेदी, १८ नोव्हेंबर १८९०

कॉस्मास,

पत्र मिळालं.

मला टोप्या उडवल्याचं सांगू नकोस. मला एवढंच सांग: घोंगडी एक होती की दोन? शेवटी तो काय बोलला? पाद्रीने ऐकलं असेल तर विचार. त्याच्या कबरीवर काय आहे? काही नसेल तर एक क्रूस लाव. नाव पूर्ण लिही, मार्शेल जुजे परेरा, रमेदी, वसई. मी त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. आता घेतलं तर काय होणार आहे?

फ्लाविया


सिडनी, २८ डिसेंबर १८९०

फ्लाविया,

तुझी दोन्ही पत्रं आली. मुलीचं पत्र मी रूकवूडला जाऊन त्याला वाचून दाखवलं. मध्ये आपलं काही घातलं नाही.

घोंगडी एकच होती. मी दुसरी घेऊन गेलो होतो, फाटकावर ठेवून घेतली. त्याच्यापर्यंत पोचली की नाही, माहीत नाही.

पाद्रीला विचारलं. तो भला माणूस आहे, रडलाच. म्हणाला, "तो सारखे तेच शब्द म्हणत होता. मला वाटलं तुमच्या भाषेतली प्रार्थना असेल, म्हणून मी दर वेळी 'आमेन' म्हणालो." मी म्हटलं, कसे होते ते शब्द, आठवतील तसे सांगा. त्याने दोन-तीनदा प्रयत्न केला. ते असे होते: "दार लाव. वारा येतोय."

क्रूस लावला आहे. लाकडी, मीच केला. नाव तू लिहिलंस तसंच, आपल्या अक्षरांत.

संप मोडला. माणसं मालकाच्या अटींवर परत गेली. मला फाटकावर घेत नाहीत, संपातला म्हणून. आणि युनियनच्या सभेत ठराव मांडला, की पुढे गोऱ्याशिवाय कोणी नको. मी मागे उभा होतो. डॅन म्हणाला, "तुझ्याबद्दल नाही रे, कॉझ." मी विचारलं, मार्शेलबद्दल आहे का? रत्नागिरीच्या दोघांना सोडलं आणि त्याच दिवशी बोटीवर चढवलं. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला.

पॅरामॅटाला एक संत्र्यांचा बागवान मला कामाला घ्यायला तयार आहे. पण मार्चअखेर मुंबईला बोट जाते आहे, तिच्यावर कोळसा ओढायला माणूस हवा आहे. मला यायचं आहे, फ्लाविया. मळ्याला पाणी घालीन. पोरीला सांभाळीन. तू मला अंगणात उभं केलंस तरी चालेल. मी बरोबर केलं का, हे मला आता सांगता येत नाही. ज्यांच्यासाठी केलं ती माणसं भुकेली होती, हे खरं होतं. मार्शेल मला नाही म्हणणार नाही, हेही मला ठाऊक होतं.

तू ये म्हण. दुसऱ्या कोणाला विचारावं असं मला कोणी नाही.

कॉस्मास


रमेदी, २ फेब्रुवारी १८९१

प्रिय भाऊ,

तू विचारलंस म्हणून लिहिते, नाहीतर मला लिहवत नाही.

ते दार आमच्या मागल्या पडवीचं. त्याचा आकडा तुटलाय. तापातून उठल्यावर वारा आला की ते अंथरुणातूनच म्हणायचे आणि मी उठून दार लावायचे. म्हणजे शेवटी ते घरीच होते. मला हाक मारत होते. पाद्री 'आमेन' म्हणाला ते बरं झालं. कोणीतरी उत्तर देत होतं.

मामी म्हणते, कॉस्मासला क्षमा कर, भाऊ आहे. मी करते, आणि सकाळी उठते तर केलेली नसते. मग परत करते. कधीतरी ती टिकेल. त्या लोकांचा मात्र मला राग येत नाही, हे मलाच नवल वाटतं. ह्यांनी त्यांना पाहिलं होतं. भुकेला माणूस कोणता, हे ह्यांना कळायचं.

तू येऊ नकोस.

हे रागाने लिहीत नाही. थोडं रागानेही असेल. पण तू आलास तर त्या सगळ्या मुलखात ह्यांचं कोण उरणार? बोटीवरचे गेले, धक्क्यावरचे विसरले. पावसापाण्यात क्रूस कलला तर सरळ कोण करणार? तो बागवान घेतोय तर त्याच्याकडे राहा. झाडांचं काम तुला येतं. रूकवूड तिथून जवळ आहे का, ते कळव. जवळ असलं तर दर रविवारी जा. काही म्हणायचं नसलं तरी थोडा वेळ बस. घरचं बोल, आपल्या भाषेत बोल.

मुलीचं नाव मी नताल ठेवलं. आता ती पालथी पडते. मोठी झाली की विचारेल, सगळ्यांना मामा आहे, माझा कुठे आहे? तेव्हा मी तिला सांगेन, तुझा मामा तुझ्या बाबांजवळ राहतो.

तुझी बहीण,
फ्लाविया